निवृत्त ट्रंक ऑपरेटरचा मे महिना

गल्लीत सगळ्यांच्या गच्च्यांवर बिबड्या वाळताहेत,
माझ्या गच्चीवर फक्त मी,
तीही पहाटे पाचपर्यंत.
"यंदाही काहीच नाही घातलं का वं, कुमुदताई?"
खालून वारकेंची सून विचारते.
घातलं ना, म्हणते मी, पायात कॅनव्हासचे बूट.

सहाला ग्राउंडवर पोचायचं असतं.
जळगावात मे महिन्यात सूर्य उगवत नाही,
ड्यूटीवर हजर होतो.
आठनंतर मुलींना खेळवत नाहीत.

सॉफ्टबॉल. माझ्या वेळी नव्हता.
आम्ही पळायचो ती आखाजीच्या झोक्यापर्यंत,
तिथूनही हाक आली की परत.
या मुली पळतात, घसरतात, कोपरं सोलून घेतात,
आणि धूळ खाली बसायच्या आत
पंच दोन्ही हात पसरून ओरडतो: सेफ!
बाईला असं, चारचौघांत, एवढ्या मोठ्यानं
कुणी सांगितलेलं मी इथंच पहिल्यांदा ऐकलं.

नियम अजून अर्धेच कळतात.
पण कॅचर उकिडवी बसून बोटं दाखवते, दोन, मग एक,
पिचर मान हलवते, नाही,
पुन्हा बोटं.
हे मात्र लगेच कळलं.
दोघांच्या मधे बसायचं
आणि आपण नसल्यासारखं दाखवायचं.
छत्तीस वर्षं तेच केलं की.

दुपारचं सांगण्यासारखं काही नाही.
कूलरला पाणी, थंडगार डांगर, झोप.

संध्याकाळी नाट्यगृह. एकांकिका.
तिकीट तीस रुपये, ज्येष्ठांना वीस.
मी तीसच देते, वीसमध्ये मागे बसवतात.
तिसऱ्या रांगेत प्रॉम्प्टर ऐकू येतो.
लोक वैतागतात, मी त्याच्यासाठीच जाते.

गेल्या गुरुवारी भर प्रवेशात लाइट गेली.
पंखे थांबले, पुठ्ठे हलू लागले,
कुणी शिट्टी मारली.
स्टेजवरचा म्हातारा थांबला नाही.
अंधारात त्यानं वाक्य पूर्ण केलं, मग पुढचं,
आणि चेहरा दिसेनासा झाला तेव्हा
मला तो आवाज ओळखू आला.

सुरत. पी. पी. कॉल.
दर गुरुवारी, रात्री, दर उतरल्यावर.
पलीकडे एक बाई, फार न बोलणारी.
ऐकायची परवानगी नव्हती आम्हाला,
पण लाइन तुटली नाही ना, एवढं तरी ऐकावंच लागतं.
तीन मिनिटं भरत आली की मी विचारायची, वाढवू?
तो म्हणायचा, वाढवा.
एकदा त्याच्याआधी ती म्हणाली, नको.
पुढच्या गुरुवारी बुकिंग आलं नाही.
त्याच्याही पुढच्या.

लाइट आली.
चिकटवलेली मिशी घामानं एका बाजूनं सुटलेली.
टाळ्या. मीही वाजवल्या.
आत भेटायला गेले नाही. काय म्हणून जाणार?
पत्रिकेत त्याचं नाव होतं. वाचलं,
घडी घालून पर्समध्ये ठेवलं,
कूलरवाल्याच्या पावतीशेजारी.

काल सकाळी शेवटचा डाव,
रुबिना तडवी तिसऱ्या बेसवर,
एक पाय बेसला टेकलेला, दुसरा होमकडे वळलेला.
बॅटिंगवालीचा चेंडू उंच उडाला आणि कुणीतरी झेलला.
संपलं.
रुबिना तशीच उभी, वाकलेली,
जणू पंच अजून काही बोलायचा आहे.

मी बाकावरून ओरडले.
काय, ते आता आठवत नाही,
पण सगळं ग्राउंड वळून बघायला लागलं.
तीसुद्धा. हसली, गुडघ्यावरची माती झटकली.

तेव्हापासून घसा बसलाय.
वारकेंची सून ज्येष्ठमध घेऊन आली, म्हणाली,
आठ दिवस बोलूच नका.
बरं, अशी मान हलवली.
आज स्पर्धेचा शेवटचा दिवस,
तिथं बोलायचं मला नसतंच.